जळगाव ते न्यूअर्क : १२,४८२ किलोमीटरांचा आकडा आणि चाळीस तासांचा प्रवास

दोन शहरांची नावे लिहावीत आणि त्यांच्यामधले हवाई अंतर व विमानाला लागणारा वेळ क्षणात समोर यावा, अशी सोय देणारी बरीच संकेतस्थळे आज फुकट वापरता येतात. त्यांपैकी एक मी गेल्या ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत, म्हणजे आमच्या अमेरिकेच्या प्रवासाची आखणी सुरू झाल्यापासून परत घरी येईपर्यंत, सातत्याने वापरले. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. तिचे नाव मी देत नाही, कारण मी तपासून पाहिलेल्या आणखी तीन संकेतस्थळांतही गुण आणि दोष जवळजवळ तेच आढळले आणि त्यांतल्या एकालाच बोल लावणे न्यायाचे होणार नाही.

मी एरंडोलचा राहणारा. एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो. मुलगी न्यू जर्सीतील एडिसन येथे असते. तिच्या बाळंतपणासाठी पत्नीला आणि मला नोव्हेंबरात जायचे होते. आम्हा दोघांचाही तो पहिलाच विमानप्रवास होता आणि पत्नीला मधुमेह असल्यामुळे कोणत्या तासाला आपण कोठे असू, जेवण केव्हा मिळेल आणि गोळी केव्हा घ्यायची, हे आधी ठाऊक असणे आम्हाला आवश्यकच होते. मुलगी फोनवर म्हणाली होती, "आप्पा, सोळा तासांचं विमान आहे, काळजी करू नका." ते सोळा तास कागदावर मांडायला बसलो आणि या संकेतस्थळाशी गाठ पडली.

वापरायला ते सोपे आहे. मात्र गावाचे नाव इंग्रजीतच लिहावे लागते. देवनागरीत 'जळगाव' लिहिल्यास काहीच सापडत नाही. इंग्रजीत लिहिले की खाली आपले जळगाव आणि बुलढाणा जिल्ह्यातले जळगाव जामोद अशी दोन्ही नावे येतात, तेव्हा जरा पाहूनच बोट ठेवावे. एरंडोलचे नाव यादीत आहे, पण तिथून हिशेब करायला गेल्यास संकेतस्थळ जवळचा विमानतळ म्हणून जळगावच सुचवते. हे योग्यच आहे. पलीकडच्या बाजूला मी न्यू यॉर्कऐवजी न्यूअर्क निवडले, कारण आमचे विमान तिथे उतरणार होते आणि एडिसन तिथून जवळ पडते.

उत्तर आले ते असे : जळगाव ते न्यूअर्क १२,४८२ किलोमीटर, विमानप्रवास १६ तास ६ मिनिटे. मग मुंबई लिहून पाहिले : १२,५४६ किलोमीटर, १६ तास ११ मिनिटे. मी दोन्ही आकडे पुन्हा वाचले. जळगाव न्यूअर्कला मुंबईपेक्षा ६४ किलोमीटरांनी जवळ आहे. शेजारच्या दोघा-तिघांना मी हे सांगितले तेव्हा त्यांना ती चूक वाटली, कारण अमेरिका पश्चिमेला, मुंबई आपल्या पश्चिमेला, म्हणून मुंबई अमेरिकेला जवळ, असेच आपल्या मनातले गणित असते.

पण ती चूक नाही. वर्गात मी पृथ्वीगोलावर दोरा ताणून हाच मुद्दा दरवर्षी शिकवत असे. मुंबईवर दोऱ्याचे एक टोक दाबून दुसरे न्यूअर्कवर नेले आणि दोरा घट्ट ओढला, तर तो पश्चिमेकडे अरबस्तानावरून जात नाही. तो मुंबईतून निघतानाच उत्तर-वायव्येकडे वळतो. सिंध, बलुचिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि कझाकस्तानचा पश्चिम भाग ओलांडून तो मॉस्कोच्या थोडा उत्तरेने, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून, नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या आसपास समुद्रावर येतो. आइसलँडच्या पूर्वेस साधारण ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढून मग तो खाली उतरू लागतो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून, लाब्राडोरवरून न्यू जर्सीत येतो. वाट उत्तरेला जाणारी असल्यामुळे मुंबईपेक्षा सुमारे दोन अंश उत्तरेला असलेले जळगाव थोडे पूर्वेला असूनही जवळ ठरते. भिंतीवरच्या नकाशात हे कळत नाही, कारण १५६९ मध्ये मर्केटरने केलेल्या ज्या मांडणीवर आपले बरेच नकाशे आधारलेले आहेत, ती दिशा सांभाळते आणि क्षेत्रफळ व अंतर बिघडवते. म्हणूनच प्रत्यक्षात ग्रीनलँडच्या सुमारे चौदा पट असलेली आफ्रिका त्या नकाशात त्याच्याएवढीच दिसते. त्या नकाशावर मुंबईपासून न्यूअर्कपर्यंत पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि विमानाने खरोखरच त्या रेघेने जायचे ठरवले, तर त्याला सुमारे १४,२०० किलोमीटर जावे लागेल. ताणलेल्या दोऱ्यापेक्षा हे जवळपास १,७०० किलोमीटर जास्त आहे.

संकेतस्थळ ही वक्र रेषा नकाशावर काढून दाखवते, आणि हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी मला असे वाटले की हे साधन माझ्या वर्गात हवे होते. दोऱ्याच्या प्रयोगात एका वेळी चार मुलांनाच गोलाजवळ उभे करता येई. इथे मागच्या बाकावरचा मुलगाही स्वतः दोन गावे निवडून रेषा कशी वाकते ते पाहू शकला असता.

अंतराच्या आकड्याबद्दल माझी तक्रार नाही. विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन आणि पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून मी गोलीय त्रिकोणमितीने तो वहीत करून पाहिला आणि किलोमीटरापर्यंत जुळला. दुसऱ्या एका संकेतस्थळावर याच जोडीसाठी वीसेक किलोमीटरांचा फरक दिसला. त्याचे कारण असे की पृथ्वी नेमकी गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवापाशी ६,३५७ किलोमीटर आहे. काही संकेतस्थळे हा चपटेपणा हिशेबात धरतात, काही धरत नाहीत. प्रवाशाला त्याने काही फरक पडत नाही, पण आपण कोणती रीत वापरली हे तळाशी एका ओळीत सांगायला हवे होते. मैलांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. पानावर ७,७९६ मैल आणि ६,७७४ सागरी मैल असे दोन्ही आकडे किलोमीटरांच्या खाली एकाच जाडीच्या अक्षरांत दिले आहेत. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका मिनिटाइतके अंतर. वैमानिकाला ते उपयोगी आहे, पण घरी बसून पाहणाऱ्याचा त्याने गोंधळ उडतो.

वेळेचा आकडा ही वेगळी गोष्ट आहे, आणि परीक्षण लिहायला बसलो तो त्याच्यामुळे. मी आठ-दहा जोड्या तपासल्या आणि त्यामागची रीत उघड झाली : अंतराला ताशी ८०० किलोमीटरांनी भागायचे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणून साडेनऊ तास. मुंबई ते न्यूअर्क १६ तास ११ मिनिटे, तेही याच भागाकाराने. लांबच्या पल्ल्यासाठी हा अंदाज वाईट नाही. जळगाव ते मुंबई हे सरळ रेषेत सुमारे ३५५ किलोमीटर भरते, आणि तिथे संकेतस्थळ ५७ मिनिटे सांगते. परंतु एवढ्या अंतरासाठी वापरली जाणारी एटीआर जातीची पंख्याची विमाने ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपासच उडतात, याची त्या आकड्यात नोंद नाही. याहून गंभीर बाब अशी की 'जळगाव ते न्यूअर्क १६ तास ६ मिनिटे' हे वाक्य वाचणाऱ्या साध्या माणसाला असे विमान आहे असेच वाटेल. जळगावचा विमानतळ २०१२ पासून आहे याचे मला समाधान आहे, पण तिथून अमेरिकेला विमान सुटत नाही, आणि हे संकेतस्थळ कुठेही सांगत नाही.

दुसरा दोष वाऱ्याचा आहे. संकेतस्थळावर मुंबई ते न्यूअर्क आणि न्यूअर्क ते मुंबई यांची वेळ मिनिटापर्यंत एकच दाखवलेली आहे. प्रत्यक्षात मध्य अक्षांशांवर नऊ ते बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे झोत वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरांच्याही वर जातो. जाताना विमान त्यांना तोंड देत जाते, येताना तेच वारे त्याला पुढे ढकलतात. आमचे जातानाचे विमान जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंत १६ तास ३५ मिनिटे हवेत होते आणि मार्चमध्ये येतानाचे १४ तास २० मिनिटे. सव्वादोन तासांचा हा फरक काही आमच्या वाट्यालाच आलेला योगायोग नव्हे. कोणत्याही विमान कंपनीच्या वेळापत्रकात जाण्याच्या आणि येण्याच्या वेळा शेजारी ठेवून पाहिल्या तर तो दिसतो. जे साधन अंतर किलोमीटरापर्यंत अचूक देते, त्याने निदान 'पूर्वेकडे जाताना कमी, पश्चिमेकडे जाताना जास्त' एवढी सूचना तरी द्यावी, ही अपेक्षा जास्त नाही.

तिसरी गोष्ट ती सुंदर वक्र रेषा. आमचे विमान त्या रेषेने गेलेच नाही. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, आणि दोऱ्याची वाट मुंबईतून निघाल्यावर पहिल्याच टप्प्यात तिथून जाते. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत असेच झाले होते. रशियाचे आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना मिटलेले आहे, म्हणजे विमान कोणत्या देशाचे यावरही वाट ठरते. आमच्या आसनासमोरच्या पडद्यावर विमानाचे चिन्ह आधी अरबी समुद्रावर सरकले, मग अरबस्तानावरून तुर्कस्तानकडे आणि पुढे युरोप ओलांडून अटलांटिकवर गेले, आणि उतरेपर्यंत एकूण अंतराचा आकडा १३,००० च्या वर गेला होता. मी घरून रेषेची छापील प्रत सोबत नेली होती आणि मॉस्को कधी येते याची वाट पाहत होतो. पत्नी मधूनमधून विचारी, "आते कितलं दूर शे?" आणि मला त्या कागदावरून उत्तर देता येईना, शेवटी कागद घडी करून ठेवला आणि पडद्यावरचे उरलेले तास तिला वाचून दाखवू लागलो.

चौथा दोष लहान वाटेल, पण आम्हाला त्यानेच सर्वांत जास्त त्रास दिला. पानाच्या खालच्या भागात दोन शहरांच्या घड्याळांतला फरक दिलेला असतो. मी ऑक्टोबरात पाहिले तेव्हा तो साडेनऊ तास होता, आणि पत्नीच्या गोळ्यांचे व जेवणाचे सारे वेळापत्रक मी त्याच्यावर बेतले. पुढे तिकीट हाती आले तेव्हा त्यावरची उतरण्याची स्थानिक वेळ आणि माझा तक्ता यांत एका तासाचे अंतर पडले. दोन संध्याकाळी मी आकडेमोड पुन्हा केली. मग लक्षात आले की अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे केली जातात. आम्ही निघणार होतो तो दिवस त्या रविवारनंतरचा होता आणि तेव्हा फरक साडेदहा तासांचा होणार होता. वर्षभर एकच वेळ असलेल्या आपल्या देशात राहून भूगोल शिकवलेल्या माणसाच्या हातूनही हे निसटले. संकेतस्थळ आजचा फरक दाखवते, प्रवासाच्या तारखेचा दाखवत नाही, आणि तारीख विचारण्याची सोयही त्यात नाही.

आता त्या 'प्रवासाच्या वेळे'विषयी. ही सेवा विमान हवेत असण्याच्या काळाला प्रवासाचा वेळ म्हणते. आमच्या प्रवासाची नोंद मी भारतीय वेळेनुसार ठेवली होती, ती इथे देतो, कारण खान्देशातून जाणाऱ्या कोणाच्याही हिशेबात तिचा उपयोग होईल. पहाटे सव्वापाचला आम्ही एरंडोलच्या घराला कुलूप लावले. जळगावला मुंबईची गाडी मिळाली. स्टेशन ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे रेल्वेचे अंतर ४२० किलोमीटर आहे, आम्ही मात्र चाळीसगाव, मनमाड, नाशिक रोड, इगतपुरी करत दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी कल्याणला उतरलो. मुंबईला जोडणाऱ्या विमानाची वेळ त्या दिवशी जुळत नव्हती, आणि रात्रीचे परदेशी विमान असताना दुपारीच कल्याणपर्यंत पोहोचून ठेवावे, हे बरे. गाडीला दोन-तीन तास उशीर झाला तरी जिवाला घोर लागत नाही. भाच्याच्या घरी जेवण आणि थोडी झोप झाली. रात्री साडेआठला निघून दहा वाजून वीस मिनिटांनी टर्मिनल दोनवर पोहोचलो, कारण परदेशी प्रवासाला तीन तास आधी हजर राहायचे असते. विमानाने दोन वाजून पाच मिनिटांनी जमीन सोडली आणि संध्याकाळी सहा चाळीसला न्यूअर्कला टेकले. तिथे तेव्हा सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे झाली होती. पारपत्राची रांग, सामान आणि एडिसनपर्यंतचा रस्ता उरकून मुलीच्या दारात पाऊल ठेवले तेव्हा तिच्या घड्याळात अकरा आणि माझ्या मनगटावर रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

एकूण ४० तास १५ मिनिटे. त्यांतले १६ तास ३५ मिनिटे विमान हवेत होते, उरलेले २३ तास ४० मिनिटे रस्ता, रेल्वे, रांग आणि थांबणे यांत गेले. पासष्टीच्या माणसाने तयारी करायची ती या चाळीस तासांची, सोळा तासांची नव्हे. आम्ही दशम्या आणि चटणी कल्याणपर्यंत पुरेल इतकीच घेतली होती. गोळ्यांची एक पिशवी हातातल्या सामानात आणि दुसरी मोठ्या बॅगेत ठेवली, आणि या एका गोष्टीचा मला अजूनही आनंद वाटतो. न्यूअर्कला जवळ असलेल्या जळगावाहून आधी नैर्ऋत्येला मुंबईपर्यंत जायचे आणि मग तिथून पुन्हा जगाच्या दुसऱ्या टोकाला निघायचे, हा फेरा खान्देशातल्या प्रत्येक प्रवाशाच्या वाट्याला येतो, आणि कोणत्याही संकेतस्थळाच्या हिशेबात तो धरलेला नाही.

गुण द्यायचे तर अंतर आणि नकाशा यांसाठी मी पाचपैकी पाच देईन. शाळेतल्या शिक्षकांनी हे साधन जरूर वापरावे. वेळेच्या अंदाजाला पाचपैकी दोन. जाहिराती पुष्कळ आहेत, पण त्या उत्तराच्या आड येत नाहीत, आणि नाव-पत्ता न मागता सेवा मिळते, हे मला आवडले. सुधारणा सुचवायच्या झाल्या तर दोनच : प्रवासाची तारीख विचारणारा एक रकाना असावा, म्हणजे घड्याळांचा खरा फरक दाखवता येईल, आणि 'प्रवासाचा वेळ' हे शब्द काढून 'विमान हवेत असण्याचा अंदाजे वेळ' असे लिहावे. जिथे थेट विमान नाही तिथे ते नाही असे स्पष्ट सांगितले तर फारच उत्तम. हे सारे मी त्यांच्या अभिप्रायाच्या पानावर इंग्रजीत लिहून पाठवले आहे.

पारोळ्याचे माझे एक जुने सहकारी पुढच्या महिन्यात सपत्नीक टोरांटोला मुलाकडे जात आहेत. त्यांच्यासाठी अंतर आणि नकाशा मी याच संकेतस्थळावरून काढला. कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात पारोळ्याहून निघण्याची वेळ, गाडीचे स्टेशन, कल्याणचा मुक्काम, विमानतळावरच्या रांगा आणि गोळ्यांचे तास हे रकाने हाताने आखून दिले. त्यांतला शेवटचा रकाना टोरांटोच्या घराच्या दाराचा आहे, आणि तो भरून आणायला मी त्यांना सांगितले आहे.